पारायणाला बसलेला अंक

सोनपेठच्या व्यंकटरावांनी गठ्ठ्याची सुतळी तोडली आणि कपाळाला हात लावला. आत 'अवकाशवाट'चा अंक नव्हताच, पन्नास पोथ्या होत्या. त्यांनी परभणीला छापखान्यात फोन लावला.

"सर, लय घोळ झाला," छापखान्याचा बालाजी म्हणाला. "दोन्ही गठ्ठे एकाच मापाचे. तुमचा यष्टीनं राणीसावरगावला गेला. तिथं आज नव्या पोथीचं पारायण बसायलंय."

व्यंकटरावांनी फोन ठेवला. 'अवकाशवाट' हे विज्ञानकथांचं मासिक. निम्म्या जुन्या गाजलेल्या कथा पुन्हा छापायच्या, निम्म्या नव्या, असा या निवृत्त मास्तरांचा नऊ वर्षांचा नेम. नऊ वर्षांत वाचकाचं एक कार्ड आलं नाही. शेवटी कंटाळून त्यांनी हा शेवटचाच अंक काढला होता, आणि मेल्या नशिबानं तोही पारायणाला नेऊन बसवला. आता गावकरी आपली पाठ सोलणार हे मनात पक्कं धरून ते पोथ्या घेऊन एसटीत चढले.

मंडपात पन्नास बाया एका सुरात वाचत होत्या, "यान मंगळाच्या कक्षेत शिरले." मुखपृष्ठावरच्या अंतराळवीराला हळदकुंकू लागलं होतं. त्याचा काचेचा गोल टोप बायांना तेजोवलय वाटला असावा. वाचन थांबलं, विठ्ठलाचा गजर झाला, तसे व्यंकटराव दबकत पुढं बसलेल्या बायनाबाईंपाशी गेले.

"मावशी, माफ करा. ही पोथी नव्हे, मासिक आहे."

"आमाला कळत न्हाई व्हय?" बायनाबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "पयल्याच पानाला कळालं. पर एकदा वाचाया बसलं की मधी उठत न्हाईत. अर्धं ठिवलं की दोष लागतो."

"मग झालं ना वाचून?"

"जुनी गोष्ट झाली. लय ग्वाड हाय. ही नवी मातर मधीच तुटली. पोरीचं यान मंगळावर फसलंय, आन् खाली लिव्हलंय, उरलेला भाग पुढच्या अंकात. कुणी लिव्हलं हे?"

"मी."

"मंग काडा पुढचं."

कोण विचारतंय, म्हणून व्यंकटरावांनी त्या पोरीला खुशाल मंगळावर टाकून दिलं होतं. "पुढचा अंकच नाही, मावशी. मासिक बंद केलंय."

"तुमी कायबी बंद करा. पारायण अर्धं ऱ्हायलं त्याला जिम्मेदार कोन?"

"आन् पोरगी तिथं उपाशी बसलीय की वो!" मागून धुरपताबाई कळवळल्या.

त्यांनी मास्तरांना पाटावर बसवलं, हातात वही-पेन दिलं आणि पन्नासजणी गुपचूप वाट बघत बसल्या. वाचक नाही म्हणून नऊ वर्षं रडलेल्या माणसाला वाचकांसमोर एक ओळ सुचेना. पेन चावून झालं, घाम पुसून झाला. आपल्याला लिहिताच येत नाही, हे त्यांना आज पहिल्यांदा पटलं आणि फार वाईट वाटलं. अखेर चार ओळींत त्यांनी कसंबसं यान दुरुस्त केलं, पोरीला गोदावरीकाठी उतरवलं आणि वही पुढं सरकवली.

बायनाबाईंनी बोट ठेवून चारी ओळी वाचल्या आणि वही परत दिली.

"हिला माघारी मंगळावर धाडा, सर. महापरसादाला अजून दोन तास हायत."