तोफ विकायची नाही!

"एक आठवडा! फक्त एक आठवडा हे तुमचं मुकं खेळणं चालवून दाखवते. आठवडा संपायच्या आत तुम्हीच हात जोडून म्हणाल, बाई, तुझी तोफ बाहेर काढ!"

आत्यानं हे जिन्यात उभं राहून सांगितलं. त्यामुळे चारही मजल्यांना वेगळं कळवायची गरज उरली नाही.

आत्या तशी बिल्डिंगमधल्या कुणाचीच सख्खी आत्या नव्हती. पण बिल्डिंग तिला आत्या म्हणायची, ती जिथं सुपरवायझर होती ती लॉण्ड्रीही आत्याच म्हणायची, आणि नवराही कधी कधी घाबरून आत्याच म्हणून जायचा. तोफ म्हणजे तिची मोटरसायकल. काळी, पेट्रोलवाली, लग्नाच्या आधीपासूनची. आत्याच्या मते लग्नापेक्षा भरवशाची. किक मारली की आधी खोकायची, मग शिंकायची, आणि मग असा काही आवाज काढायची की कबुतरं दुसऱ्या गल्लीत राहायला जायची! आत्या चौकात असली तरी घरातल्या भांड्यांना कळायचं.

आणि या तोफेवर पोटच्या पोरीनंच घाव घातला. लेकीनं परस्पर इलेक्ट्रिक स्कूटर आणली. पांढरी, गुळगुळीत, फ्रीजच्या धाकट्या बहिणीसारखी.

"आई, पेट्रोलचे दिवस गेले आता. रविवारी शोरूमवाला येऊन तुझी गाडी घेऊन जाईल. एक्स्चेंज आहे."

"घेऊन जाईल आणि काय करेल तिचं?"

"तोडतील. भंगार होतं त्याचं."

"भंगार?" आत्याचा आवाज इतका खाली गेला की नवऱ्यानं पेपर तोंडावर घेतला. "अगं, तुला शाळेत कुणी सोडलं? तापात दवाखान्यात कुणी नेलं? या फ्रीजनं?"

मग आत्या तडक गॅरेजवाल्या मिस्तरींकडे गेली. इतकी वर्षं तोफेची नस त्यांनाच ठाऊक. ते तरी बाजू घेतील!

"मिस्तरी, जरा घरी येऊन सांगा यांना, पेट्रोलची गाडी अजून पन्नास वर्षं रस्त्यावरून हटत नाही म्हणून!"

मिस्तरी बराच वेळ फडक्यानं हात पुसत राहिले. हात कोरडेच होते.

"काय सांगू आत्या? तुमच्या तोफेला मी पार्ट कुठनं घालतो माहितीय? दुसऱ्या मेलेल्या गाड्यांतनं काढून. आता मरायलाही गाड्या उरल्या नाहीत."

"म्हणजे तुम्हीही हात टेकले?"

"हात कशाला टेकू? बॅटरीचं शिकतोय मी."

तेवढ्यात आत्याला त्यांच्यामागे भिंतीला वायर दिसली. वायरीच्या टोकाला हिरवीगार इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगला लागलेली.

"ही कुणाची?"

मिस्तरींनी छताकडे बघितलं. "बायकोची."

"तुमचं लग्न कधी झालं?"

मिस्तरी पुन्हा हात पुसायला लागले!

म्हणून मग ती जिन्यातली गर्जना. अट साधी होती. आठवडाभरात आत्यानं स्कूटरची अशी एक तक्रार काढायची जी घरातल्या सगळ्यांना पटेल. पटली तर तोफ राहणार. नाही पटली तर रविवारी टेम्पो येणार, आणि तोफ कायमची जाणार.

आत्या कामाला लागली. जिथं खड्डा दिसेल तिथं स्कूटर घातली. लॉण्ड्रीच्या पावडरीचं पोतं मागे टाकून चढ चढवला. चढ संपला तरी बया दमलेली नाही! आत्याचा संताप अनावर झाला.

"हॉर्न फार सभ्य आहे हिचा!"

"ही काही तक्रार नाही, आई."

"किक नाही हिला!"

"बटण आहे ना."

"मग माणसानं पायाचं करायचं काय?"

"चालायचं," लेक म्हणाली आणि कानाला हेडफोन लावून घरूनच ऑफिसात निघून गेली.

बुधवारी आत्या चष्मा विसरली म्हणून भर दुपारी घरी परतली. गाडीचा आवाज नाही, गल्लीला पत्ता नाही. किल्लीनं दार उघडून आत गेली, तर काय बघते?

नवरा ओट्याला टेकून उभा. हातात जॅमची बरणी, तोंडात मोठा चमचा. याच माणसाला डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं, आणि गेलं वर्षभर हा आत्यासमोर कडू काढा पिऊन "सवय झाली गं आता" असे सुस्कारे टाकत होता!

"अहो!"

नवऱ्यानं चमचा तोंडातून काढलाच नाही. काढला असता तर बोलावं लागलं असतं.

पलीकडच्या खोलीत रेडिओ वाजत होता. सासरेबुवा, ज्यांचे गुडघे गेले म्हणून पाण्याचा पेलासुद्धा कॉटवर द्यावा लागायचा, ते काठीला जोडीदारीण करून नाचत होते. गिरकी अशी की चादर उडाली!

"बाबा, गुडघे?"

"आत्ताच... आत्ता एवढ्यात बरे झाले बघ," म्हणत सासरे धाडकन कॉटवर बसले आणि सवयीनं कण्हायला लागले.

लेकीच्या खोलीत तर टेबलावर कॉम्प्युटर चालू, पडद्यावरचे साहेब तावातावानं बोलतायत, आणि लेक टेबलाखाली उशी घेऊन गाढ झोपलेली. हेडफोन कानात. मध्येच झोपेत म्हणाली, "येस सर."

आत्या चष्मा घेऊन निघाली. चष्म्याची गरज आहे का, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. इतकं स्वच्छ तिला वर्षानुवर्षांत दिसलं नव्हतं.

पण खरा गोंधळ शुक्रवारी झाला. त्या दिवशी हॉस्पिटलच्या मेट्रन लॉण्ड्री बघायला येणार होत्या. चादरी पसंत पडल्या तर हॉस्पिटलचं सगळं काम लॉण्ड्रीला. आत्या मुद्दाम लवकर पोचली. मागच्या उतारावरून स्कूटर थेट धुलाईच्या दारापर्यंत चढवली. तिथं ट्रॉलीत धुतलेल्या चादरींचा पांढराशुभ्र ढीग. आत्या खाली उतरली, एक हात हँडलवरच.

आता इथं गोम समजून घ्या. उभा जन्म तोफेवर गेलेला. आवाज आहे म्हणजे गाडी चालू, आवाज नाही म्हणजे बंद. इतका सरळ हिशोब! स्कूटर चालू आहे हे आत्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तेवढ्यात चादरींचा ढीग हलला.

ढिगातून पांढरं काहीतरी उठून बसलं. त्याला जांभई आली.

"आई गं!" आत्या किंचाळली आणि घाबरून तिनं हातातलं हँडल घट्ट पिळलं. स्कूटरनं अशी झेप घेतली की जणू आठवडाभर याच आज्ञेची वाट बघत होती! ती जाऊन ट्रॉलीला धडकली. ट्रॉली सुटली उताराला. आणि ट्रॉलीत, डोक्यावर चादर, इस्त्रीवाला लांब्या!

"थांबवा! अरे थांबवा कुणीतरी!" लांब्या ओरडत होता. पण तोंडावर चादर असल्यामुळे इस्त्रीच्या बायकांना वाटलं, भूतच ट्रॉली चालवतंय. त्या वाट सोडून भिंतीला चिकटल्या. ट्रॉलीनं वाळत घातलेल्या टॉवेलांची दोरी सोबत घेतली, अंगण ओलांडलं, फाटकातून बाहेर पडली आणि नुकत्याच थांबलेल्या गाडीच्या बंपरवर जाऊन विसावली. गाडीतून मेट्रन उतरत होत्या. एक चादर त्यांच्या डोक्यावर, बाकीच्या चिखलात, आणि लांब्या गुंडाळलेल्या गादीसारखा थेट त्यांच्या पायाशी!

मेट्रन सवयीनं खाली वाकल्या आणि त्यांनी लांब्याची नाडी बघितली.

"माणूस ठीक आहे," त्या म्हणाल्या. "चादरींचं सांगता येत नाही."

मालक धावत आले. तोंडाला फेस, तोही साबणाचा नाही. "आत्या! हे काय केलंत?"

आत्या खाली मान घालेल तर ती आत्या कसली! कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मी केलं? अहो, तोफ असती तर हे झालंच नसतं! तोफ चालू असली तर अख्ख्या गावाला कळतं! हिला तोंडच नाही, तर हिच्या मनातलं कळणार कुणाला? आणि हा लांब्या ढिगात काय करत होता, ते विचारा आधी!"

लांब्या चादरीतून म्हणाला, "तपासत होतो. मऊ आहेत का ते."

काम हातातून गेलं नाही, पण सगळ्या चादरी पुन्हा धुवाव्या लागल्या. घरी आत्यानं विजयी मुद्रेनं सगळं सांगितलं. लेकीला हे बिलकूल पटलं नाही.

"चूक तुझी आहे आई. गाडीची नाही. तक्रार बाद."

शनिवार असाच गेला. आत्यानं तोफेला आंघोळ घातली, टाकी पुसली, आरसा पुसला. संध्याकाळी नवऱ्यानं खिडकीतून बघितलं, तर ती तोफेच्या सीटवर नुसती बसली होती. गाडी बंद, हँडलवर हात. नवऱ्यानं त्या दिवशी जॅमला हात लावला नाही.

रविवारी टेम्पो आला. शोरूमवाला पोरगा चुणचुणीत. "कुठंय गाडी?"

"किल्ली सापडत नाहीये," नवरा म्हणाला. किल्लीचं टोक त्याच्या खिशातून सगळ्यांना दिसत होतं.

"चालेल, ढकलून चढवतो."

"चढवा ना," मागून आवाज आला. बघतात तर सासरेबुवा तोफेवर मांड ठोकून बसलेले! "पण आधी मला उतरवा. माझे गुडघे गेलेत. महिना लागेल."

तेवढ्यात लॉण्ड्रीतल्या बायका आल्या, पुढं लांब्या. "आत्या, तोफ देऊ नका! आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. पार्ट शोधायला आम्ही फिरू. पेट्रोलला वर्गणी काढू!"

आत्याचे डोळे भरून आले. तिनं लेकीकडे बघितलं. लेक नखं खात उभी होती.

"राहू दे तोफ," लेक पुटपुटली. "आई, तुझी तक्रार मंजूर. स्कूटर मी वापरते."

"ऐकलंत?" आत्या टेम्पोवाल्यावर गरजली. "सांगा तुमच्या शोरूमला! म्हणे पेट्रोलचे दिवस गेले! माणसांचा जीव असतो गाडीवर! जीव!"

"असतोच तर!" सासरे भरात येऊन म्हणाले. "तोफेचा आवाज चौकातून येतो गं बाई. तेवढ्यात माणूस रेडिओ बंद करून कॉटवर पोचतो. त्या मुक्या गाडीनं जीव नकोसा केला होता!"

नवरा आकाशाकडे बघू लागला. लांब्या बायकांच्या मागे सरकला. लेकीनं कपाळावर हात मारला.

आत्यानं एकेकाच्या तोंडाकडे बघून घेतलं. मग नवऱ्याच्या खिशातली किल्ली ओढली, सासऱ्यांना खाली उतरवलं आणि तोफेला किक मारली. तोफ खोकली, शिंकली आणि गरजली. कबुतरं उडाली. तोफ राहिली हे महत्त्वाचं. कारण काय ते कारणानं बघून घ्यावं!

पण असं सोडून देईल तर ती आत्या कसली! सोमवारी ती मुद्दाम भर दुपारी निघाली. चौकात आल्यावर तिनं तोफ बंद केली. आज बघतेच एकेकाला! खाली उतरली आणि तोफ ढकलायला लागली. चौकातून घरापर्यंत सगळा चढ. वर ऊन. तोफेचं वजन म्हशीएवढं, आणि म्हैस निदान स्वतःच्या पायांनी चालते! आत्या ढकलतेय, थांबतेय, पुन्हा ढकलतेय. पदर कुठं, चष्मा कुठं, शुद्ध नाही.

घरात सासऱ्यांनी रेडिओ बंद केला.

"आली वाटतं," नवरा बरणीचं झाकण लावत म्हणाला.

"आवाज तोफेचा वाटत नाही पण."

नवऱ्यानं कान दिला. "नाही ना. तोफ इतक्या धापा नाही टाकत."

आत्या दारात उभी राहिली तेव्हा सासरे कॉटवर कण्हत होते, लेक खटाखट टाईप करत होती आणि नवरा पेपर वाचत होता. त्याच्या मिशीला जॅम लागला होता. पण तेवढं बोलायलाही आत्याच्या अंगात दम नव्हता. ती तांब्याभर पाणी प्यायली, भिंतीला टेकली आणि बोट वर करून म्हणाली,

"सांगत होते ना... पेट्रोलच्या गाडीची... सर... कशालाच नाही!"