सासूबाईंनी चिकटवलेलं सैन्य

शनिवारी संध्याकाळी बाईंडर दुकान बंद करून घरी आले, तर त्यांचं अख्खं सैन्य जेवणाच्या टेबलावर स्वच्छ धुऊन उभं होतं. शेजारी खुर्चीत सासूबाई पदराला हात पुसत बसल्या होत्या. एखादं मोठं काम हातावेगळं केल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दोन वर्षांनी दिसत होतं.

"जावईबापू, बघा हो, कसे लखलखीत झालेत तुमचे शिपाई!"

सैन्य म्हणजे करंगळीच्या दोन पेरांएवढे शहाण्णव धातूचे शिपाई. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या सुमेरमधले. बाईंडर दिवसभर लोकांची पुस्तकं शिवायचे आणि उरलेल्या वेळात भिंग लावून या शिपायांना रंगवायचे. डोक्यावर तांब्याचा टोप, कमरेला लोकरीचा घोळदार घागरा, हातात भाला. पातळ प्लायवूडच्या बारा पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर आठ शिपाई, चार पुढे आणि चार मागे. महिन्यातून एका रविवारी फोटोग्राफरच्या स्टुडिओत मागच्या खोलीत पट मांडायचा, फासे टाकायचे, पट्ट्या सरकवायच्या आणि लढायचं. तीन वर्षं हा खेळ चालला होता आणि तीन वर्षं बाईंडर न चुकता हरत होते.

आता बाईंडर पडले बाईंडर. जगातली कुठलीही वस्तू खळीनंच चिकटवावी असं त्यांचं ठाम मत. शिपाईसुद्धा त्यांनी पिठाच्या खळीनंच पट्ट्यांवर बसवले होते. "अहो, चांगला गोंद वापरा," असं सगळ्यांनी सांगून झालं होतं. "खळीनं बांधलेलं पुस्तक शंभर वर्षं टिकतं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. टिकतं, यात वाद नाही. पण पुस्तकाला कोणी कोमट पाण्याच्या टबात बुडवून घासत नाही. सासूबाईंनी धूळ बसली म्हणून सैन्याला आंघोळ घातली आणि दहा मिनिटांत शहाण्णव शिपाई तळाला आणि बारा पट्ट्या वर तरंगायला लागल्या.

दुसऱ्या कोणी घाबरून टबावर झाकण ठेवलं असतं. सासूबाईंनी ड्रॉवरमधून झटपट चिकटणाऱ्या गोंदाची ट्यूब काढली, खिडकीपाशी बसल्या आणि चार तास खपून एकेक शिपाई पुन्हा उभा केला.

बाईंडरांनी वाकून पहिली पट्टी पाहिली. मग दुसरी पाहिली. बाराव्या पट्टीपर्यंत पोचेस्तोवर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पट्टीवरचे चार शिपाई पुढे बघत होते आणि उरलेले चार बरोबर उलट, मागे. अख्खं सैन्य एकमेकांवर रुसल्यासारखं पाठीला पाठ लावून उभं होतं.

"हे बिनओझ्याचे मी पुढे लावले," सासूबाई उत्साहानं सांगत होत्या, "आणि पाठीवर फळ्या बांधलेले मागे. सामानवाले मागेच चालणार ना, बिचारे."

त्या फळ्या म्हणजे ढाली होत्या. गळ्यापासून घोट्यापर्यंतच्या, चौकोनी, ठोकळ्या ढाली. त्यांच्या मागे शिपायाचं तोंड मोहरीएवढं, तेही टोपात दडलेलं. ढाल छातीपुढे असते हे ज्याला माहीत नाही, त्याला ते पाठीवरचं ओझंच वाटणार. पण बाईंडरांना माहीत होतं, आणि ते तोंड उघडणार इतक्यात स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.

"अहो, जरा इकडे या."

बायकोनं दार लोटून घेतलं.

"उलटे लागलेत, हो ना? मला तुमच्या तोंडावरूनच कळलं. पण आईला एक अक्षर बोलायचं नाही."

"अगं, उद्या लढाई आहे!"

"असू दे. चाळीस वर्षं काजं-बटणं केलीत तिनं. डोळ्यांत मोतीबिंदू वाढला तेव्हा शर्टाला बटणं वाकडी लावायची, आणि आपण सगळे 'छान, छान' म्हणून घालून फिरायचो. ते कळल्या दिवशी तिनं सुईचा डबा बंद केला. ऑपरेशन होऊन महिना झाला, डॉक्टर म्हणतात दृष्टी उत्तम आहे, तरी 'नको गं, माझं चुकेल' म्हणून कशाला हात लावत नव्हती. आज पहिल्यांदा स्वतःहून काही केलंय. आता चुकलं म्हणालात तर पुन्हा डबा उघडणार नाही ती."

बाईंडरांनी मान खाली घालून पाहिलं. त्या वाकड्या बटणांचा एक शर्ट त्यांच्या अंगावरच होता.

सासूबाई आत गेल्याचं बघून त्यांनी एक शिपाई हळूच सोडवायचा प्रयत्न केला. शिपाई जागचा हलला नाही, त्याचा घोटा मात्र तुटून हातात आला. मग त्यांनी ठरवलं, फोन करून उद्याची लढाईच रद्द करावी. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी फोन उचलला, तोच सासूबाई पुन्हा बाहेर आल्या.

"जावईबापू, उद्या मीपण येते हो तुमच्याबरोबर. माझी माणसं कशी लढतात ते बघायचंय मला."

बाईंडरांनी फोन खाली ठेवला.

रविवारी सकाळी दहा वाजता दोघं स्टुडिओत पोचले. फोटोग्राफरनं सासूबाईंना गिऱ्हाइकांच्या गुबगुबीत खुर्चीत बसवलं आणि सवयीनं मान जरा डावीकडे घ्यायला सांगितली. पटाच्या पलीकडे मोजणीदार हजर होते. मोजणी खात्यात सव्वीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजलेला हा गृहस्थ स्वतःची टेप घेऊन खेळायला यायचा. लढाई होती लगश आणि उम्मा या दोन सुमेरी नगरांची, आणि भांडण होतं शेताच्या बांधावरून आणि पाटाच्या पाण्यावरून. "म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीचं आमच्याच खात्याचं प्रकरण," असं मोजणीदार दर वेळी म्हणायचे. उम्माचं सैन्य त्यांचं, लगशचं बाईंडरांचं.

बाईंडरांनी पहिली पट्टी पटावर ठेवली. मोजणीदारांनी चष्मा सारखा केला.

"अहो, हे काय? हे मागचे चार..."

बाईंडरांना एकदम जोराचा खोकला आला. तो इतका वाढला की मोजणीदारांना धरून त्यांना फोटोच्या पडद्यामागे न्यावं लागलं. तिथे तो तात्काळ थांबला. पडद्यावर रंगवलेल्या बागेच्या पाठीमागे उभं राहून बाईंडरांनी कुजबुजत सगळी हकिकत सांगितली.

"वाईट वाटतं हो," मोजणीदार म्हणाले, "पण नियम म्हणजे नियम. मी आयुष्यात एक इंच इकडचा तिकडे केलेला नाही."

"मी इंच मागतच नाहीये. तुम्ही मला हरवा, खुशाल हरवा. फक्त उलटे आहेत म्हणू नका."

"गप्प बसता येईल. पण त्यांनी विचारलं तर? मला खोटं बोलता येत नाही. लगेच घाम फुटतो."

"नाही विचारणार."

दोघं बाहेर आले आणि सासूबाईंनी विचारलं.

"काय हो साहेब, तुमचे शिपाई सगळे एकीकडे बघतायत. आमचे बरोबर लागलेत ना?"

मोजणीदारांनी टेप उघडली, मिटली, पुन्हा उघडली. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब दिसायला लागले. बाईंडर जमिनीकडे बघत होते.

"बरोबर म्हणजे..." मोजणीदार म्हणाले, "अगदी बरोबर. ही जुनी मांडणी आहे. पाठीला पाठ. हल्ली कोणी फारसं करत नाही."

"मी फोटो पाहिलाय याचा," फोटोग्राफर मदतीला धावले. साडेचार हजार वर्षांपूर्वी फोटो कोणी काढला, हे सुदैवानं कोणी विचारलं नाही.

"असं होय," सासूबाई म्हणाल्या. "मग त्याचा फायदा काय?"

एक खोटं पचवायला दुसरं लागतं. मोजणीदारांनी रुमालानं मान पुसली. "फायदा असा की, मागून कोणी आलं तर पाठ सापडत नाही. समोरून लढल्यासारखंच होतं. मात्र चालता येत नाही. एका जागी उभं राहायचं."

आणि मग त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. खिशातून पेन काढलं, नियमांचं पुस्तक उघडलं आणि समासात सुवाच्य अक्षरात हे दोन्ही नियम लिहून खाली सही ठोकली. खोटं बोलावं लागलं होतं, पण आता तो नियम झाला होता, आणि नियम झाला म्हटल्यावर मोजणीदारांच्या लेखी तो खरा होता.

लढाई सुरू झाली. पाटाची जागा आठ डाव राखली की लगशचा विजय. बाईंडरांना चालता येत नव्हतं, त्यामुळे त्यांनी बाराही पट्ट्या पाटाकाठी मांडल्या आणि हाताची घडी घालून उभे राहिले. मोजणीदारांचा हुकमी डाव एकच होता. चार-चार गाढवं जुंपलेले त्यांचे युद्धाचे गाडे डावीकडून लांबचा वळसा घ्यायचे आणि मागून येऊन बाईंडरांचं सैन्य उधळून लावायचे. गेली तीन वर्षं हेच होत आलं होतं. हाताला सवय असते. मोजणीदारांनी मोजून मापून तीन गाडे वळशाला लावले. पाचव्या डावाला ते बरोबर पाठीमागे पोचले, आणि मोजणीदारांनी आनंदानं मान वर केली, तर समोर अठ्ठेचाळीस ढाली त्यांच्याकडेच बघत होत्या.

"अरेच्चा," मोजणीदार म्हणाले.

"गाडे मागे वळवता येतील," बाईंडर ओशाळून म्हणाले. त्यांना खरंच लाज वाटत होती.

"नाही वळवता येत. चाकं ताठ आहेत, वळायला दोन डाव लागतात. पान चौदा." मोजणीदारांनी आशेनं तीनदा अंतर मोजून पाहिलं. तिन्ही वेळा ते तेवढंच भरलं. "लढा. समोरून आल्यासारखंच धरायचं. मीच लिहिलंय."

फासे पडले. पहिला गाडा उलटला, मग दुसरा. तिसऱ्याची गाढवं उधळून स्वतःच्याच भालाइतांच्या अंगावर गेली. मोजणीदारांनी एकेक गाडा स्वतःच्या हातानं पटावरून उचलला आणि डबीत ठेवला. एकदाही त्यांनी "अहो, पण मुळात तुमचे शिपाई उलटे आहेत," असं म्हटलं नाही. एका शब्दावर लढाई त्यांची होती. बाईंडर समोर उभे राहून हे बघत होते आणि त्यांना भरून येत होतं. तीन वर्षं ते या माणसाला मनातल्या मनात कोत्या वृत्तीचा म्हणत आले होते.

साडेबाराला आठवा डाव संपला. पाट लगशकडे राहिला. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. मोजणीदारांनी हात पुढे केला तो बाईंडरांनी दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"तुमचे उपकार कसे फेडू?" ते हळूच म्हणाले.

"बायकोच्या आईला सांभाळा," मोजणीदार म्हणाले, आणि टेप गुंडाळून निघून गेले.

घरी परतताना सासूबाई रस्त्यानं एकट्याच हसत होत्या. बाईंडर सैन्याची पेटी छातीशी धरून चालत होते. कोपऱ्यावरच्या बाकाशी सासूबाई थांबल्या.

"बसू या जरा. जावईबापू, उलटे लागले होते ना?"

बाईंडरांच्या हातून पेटी निसटता निसटता राहिली.

"छे, छे! ती जुनी मांडणी..."

"राहू द्या हो. साहेबांचे शिपाई टेबलावर पाहिले आणि क्षणात कळलं. ओझी कसली, ढाली आहेत त्या. आणि मी शहाणी, सामानवाले म्हणून मागे लावत बसले!" त्या डोळ्याला पदर लावून हसायला लागल्या. ते नुसतं हसणं नाही, हे बाईंडरांच्या जरा उशिरा लक्षात आलं.

"आई, वाईट नका वाटून घेऊ. कोणाचंही चुकलं असतं."

"वाईट कसलं?" सासूबाई म्हणाल्या. "दोन वर्षं माझी चूक मला दिसत नव्हती. तुम्ही सगळे 'छान' म्हणायचात ना, त्या आवाजावरून कळायची. आज कोणी काही बोलायच्या आधी मला स्वतःला दिसली. एवढ्याश्या शिपायाची, तीन हातांवरून! किती बरं वाटलं, काय सांगू तुम्हाला."

बाईंडरांनी सासूबाईंचा हात हातात घेतला.

"मग तेव्हाच बोलला का नाहीत? उलट 'बरोबर लागलेत ना' म्हणून त्यांनाच विचारलंत."

"दिसतंय ते खरंच दिसतंय ना, याची खात्री करून घेत होते. साहेबांना घाम फुटला तेव्हा झाली खात्री. आणि मग कसं बोलणार? तीन मोठी माणसं माझ्यासाठी इतक्या मायेनं खोटं बोलत होती. मोडवेना मला." त्या उठल्या. "साहेबांना मात्र कधी सांगू नका हं मला कळलं म्हणून. जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले असतील बिचारे. वाया जायला नको."

घरी पोचल्यावर सासूबाई थेट खिडकीपाशी गेल्या, कपाटातून सुईचा डबा काढला आणि जावयाच्या अंगावरचा शर्ट मागितला. बायको दारात उभी राहून बघत राहिली. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे मोजणीदार होते.

"एकच विचारायचं होतं," ते दबक्या आवाजात म्हणाले. "जेवण गेलं नाही हो मला. त्यांना काही संशय तर नाही ना आला?"

बाईंडर बनियनवर उभे होते. खिडकीपाशी सासूबाई एकेक वाकडं बटण पुटपुटत कापून काढत होत्या.

"अजिबात नाही," बाईंडर म्हणाले, आणि त्यांच्या कपाळावर घाम फुटला.