दत्तूअप्पांनी जुळवलेली पेटी

दत्तूअप्पा कोणतंही यंत्र आधी हुंगतात. पाण्यातली मोटर असो, मिक्सर असो, नाहीतर कुणाच्या लग्नात ऐनवेळी मुका झालेला भोंगा असो, पाना-पक्कड नंतर, नाक आधी. डोळे मिटून दोनदा खोल श्वास घेतात आणि निकाल देतात, "जळालं न्हाई. नुसतं भ्यालंय." माझ्या बायकोचा मिक्सर त्यांनी असाच हुंगला आणि विचारलं, "वैनी, ह्याच्यात मंगळवारी सुकं खोबरं फिरवलं का?" बुधवारी फिरवलं होतं. त्या एका दिवसाच्या चुकीबद्दल ते पुढे आठवडाभर हळहळत होते.

आमच्या पेठ गावात, पुणे-नाशिक रस्ता सोडून चार घरं आत आलात की त्यांची पत्र्याची शेड लागते. शेडला लागूनच घर. चाळीस वर्षं अप्पा विहिरीवरच्या मोटारी भरून देतात, म्हणजे जळलेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळतात. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, मोटारी राहतात. लग्नाच्या मांडवात ते ओळख करून देतात ती अशी: "हे अवसरीचे तीन एचपी. आन हे येडगावचे साडेसात, लई तापत्यात." मी मंचरच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवतो आणि त्यांच्या समोर राहतो. माझी ओळख करून देताना मात्र त्यांचा आवाज खाली येतो. "हे आमचे मास्तर. यांच्याकडं मोटर न्हाई." समोरचा माणूस माझ्याकडे अशा नजरेने बघतो की, घरी जाऊन एखादी मोटर विकत आणावीशी वाटते.

काम अडलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "फॉल्ट मला म्हाईत हाय, फक्त घावंना." या वाक्यावर गिऱ्हाईक चार-चार दिवस थांबतं, उभा ऊस वाळत असला तरी थांबतं. मी मात्र थांबू शकत नाही. माझा स्वभाव तापट आहे आणि अप्पांच्या शेजारी राहून तो सुधारलेला नाही.

अप्पांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. घरात ते आणि मुलगी रेखा, दोघंच. रेखाचं सासरी पटलं नाही, ती आठ वर्षांपूर्वी परत आली आणि शेडच्या कोपऱ्यात टेबल मांडून बापाची बिलं लिहायला लागली. हुशार पोरगी. सुट्टीत माझ्याकडे येऊन कॉम्प्युटर शिकली. या उन्हाळ्यात तिला पुण्याच्या एका कंपनीत काम मिळालं. लोकांच्या तक्रारी कानाला हेडफोन लावून ऐकायच्या आणि टाइप करायच्या. पहिले तीन महिने घरून, नंतर पुण्यात ऑफिसात. अट एकच. घरी स्वतःचा मोठा कॉम्प्युटर हवा आणि सोमवारी सकाळी अकरा वाजता कंपनीचा माणूस पुण्यातून इंटरनेटवर जोडून घेईल तेव्हा तो चालू हवा. नाही झाला, तर यादीतल्या पुढच्या मुलीला काम.

मी म्हटलं, तयार घ्या. दुकानातून आणा, वायर लावा, मोकळे व्हा. अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी लग्नात विकतची पुरणपोळी सुचवली. "माज्या पोरीचं यंत्र दुसऱ्यानं जुळवायचं? मग म्या हितं चाळीस वरीस काय केलं?" शेवटी सुट्या भागांची यादी मीच काढून दिली. माझी पहिली चूक ती.

गुरुवारी पुण्याहून खोकी आली. अप्पांनी गोणपाटावर स्वच्छ धोतर अंथरलं आणि एकेक भाग त्यावर मांडला. मदरबोर्ड, म्हणजे ज्यावर बाकी सगळं बसतं ती हिरवी पाटी, त्यांनी दोन्ही हातांनी उचलून हुंगली. परत हुंगली. "ह्याला वासच न्हाई मास्तर. अशा वस्तूवर भरवसा ठिवायचा कसा?" थोड्या वेळाने मी चहा पिऊन परत आलो तर हे ब्रश आणि व्हार्निशचा डबा घेऊन तयार. मोटर भरली की व्हार्निश पाजतात, तसा एक हात या पाटीलाही देणार होते. मी त्यांचा हात धरला. त्या घटकेला मी जे बोललो ते इथे लिहीत नाही.

शुक्रवारी दुपारी पेटी जुळली. सुबक जुळवली होती, हे मान्य करायला हवं. आतल्या वायरी त्यांनी सुती दोऱ्याने गाठी मारून बांधल्या होत्या. रेखाने बटण दाबलं. पंखा पाव गिरकी फिरला आणि थांबला. परत दाबलं. परत पाव गिरकी. पडदा काळाच. रेखाने बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अप्पा म्हणाले, "फॉल्ट मला म्हाईत हाय, फक्त घावंना."

त्यानंतरचे दोन दिवस मला माझ्या आयुष्यातून वजा करून हवे आहेत. शनिवारी मी मेमरीची पट्टी काढली, खोडरबराने घासली, परत बसवली. पाव गिरकी. बटणाच्या वायरी उलटसुलट करून पाहिल्या. पाव गिरकी. छोटा सेल काढून अर्धा तास ठेवला, सगळे भाग सोडवून नुसता बोर्ड लाकडी फळीवर ठेवून पाहिला, शाळेतून दुसरा पॉवर सप्लाय आणून जोडला. पंख्याचा हट्ट मोडला नाही. पुण्याच्या दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, मंगळवारी घेऊन या, बघू. मंगळवार आमच्या काय कामाचा?

आणि अप्पा? एरवी बंद यंत्रापुढे हा माणूस जेवणसुद्धा विसरतो. इथे ते स्टुलावर बसून मला गोष्टी सांगत होते. "अवसरीची एक मोटर व्हती मास्तर, ती फक्त घरधन्यानं शिवी दिली की चालू व्हायची." मी घामाने निथळतोय, पेचकसने बोट कापलंय आणि हे अवसरीच्या मोटरीच्या माहेरची हकिगत सांगतायत. "अप्पा, तुम्ही जरा मीटर लावून बघा की." "बघतो, बघतो. घाई कशाची?" घाई सोमवारची होती. रेखा अधूनमधून चहा आणून ठेवत होती आणि काही विचारत नव्हती. तिचं ते न विचारणं मला जास्त टोचत होतं.

रविवारी दुपारी मी इरेला पेटलो. माझ्या घरचा चालता कॉम्प्युटर उचलला आणि अप्पांच्या शेडमध्ये आणला. त्यातले भाग एकेक करून यात घालायचे, की चोर सापडेल. आधी खात्री म्हणून माझाच जोडला. बटण दाबलं. पंखा पाव गिरकी फिरला आणि थांबला.

सकाळीच त्यावर मी शाळेचे निकाल छापले होते. क्षणभर मला वाटलं, या शेडचीच काहीतरी बाधा आहे. मग डोक्यात लख्ख पडलं. दोन वेगळ्या पेट्या एकाच जागी एकसारख्या बंद पडतात, तर दोष पेटीत नाही. मी गुडघ्यावर बसून वायरीचा माग काढायला लागलो. अप्पांच्या गोष्टी अचानक बंद झाल्या.

वायर भिंतीवरच्या बोर्डातून निघून थेट पेटीकडे येत नव्हती. फळीमागे गेली होती, तिथे व्हार्निशचा एक रिकामा डबा पालथा घातला होता. मी डबा उचलला. आत बल्ब.

याला सिरीज म्हणतात. मोटर भरणारा कोणताही माणूस नव्या यंत्राला पहिल्यांदा सरळ वीज देत नाही. वाटेत एक बल्ब बांधतो. आत तारा एकमेकींना चिकटलेल्या असल्या तर बल्ब भगभगतो आणि यंत्र वाचतं. पण बल्बातून वीज जाते ती जेमतेम. त्यावर यंत्र तपासता येतं, चालवता येत नाही. अप्पांचा हा बल्ब एरवी कामाच्या फळीवर डोळ्यांसमोर लोंबत असतो. तो तिथे नाही, हे दोन दिवसांत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"अप्पा, सिरीजवर मोटर फिरते का?"

"न्हाई. नुसती गुरगुरती."

"मग ही पेटी फिरेल का?"

"न्हाई फिरायची."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

अप्पांनी फडक्याने हात पुसले. हात स्वच्छ होते, तरी बराच वेळ पुसले. "सुक्रवारी सवयीनं लावली व्हती. देवाशपथ, सवयीनं. पंखा थबाकला तवाच वळाखलं. काढाया हात बी नेला. मंग म्हनलं, आजच्या दिस ऱ्हाऊ दे. शनवारी बी त्येच म्हनलं. तुमी यायच्या आदी बल्ब फळीमागं सारून त्यो डबा पालथा घातला."

मला भयंकर राग आला होता. माझे दोन दिवस, माझं कापलेलं बोट, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या पोरीची नोकरी. मी एवढंच म्हणालो, "उद्या अकरा वाजता तिचं काम गेलं असतं अप्पा."

"व्हय," ते म्हणाले. "आन तीन म्हयन्यानं ती गेली आस्ती." मग म्हणाले, "बिलं लिवताना ती आपल्याशीच पुटपुटती, मास्तर. आठ वरीस झालं, म्या त्येच्यावर काम करतो. मोटरीचा आवाज बंद झाला की तिचा येतो. मला वाटलं, पेटी चालूच न्हाई झाली तर कुनाचा दोष न्हाई."

राग तिथेच संपला. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आणि तरीही मी तो बल्ब काढला नाही. "तुम्हीच काढा," म्हटलं.

अप्पा उठले. बटण बंद केलं, बल्ब सोडवला, वायरीची टोकं एकमेकांना पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली. घाईने नाही, नेहमीसारखं नीट. माझी पेटी बाजूला सारून रेखाची जोडली आणि बटण स्वतः दाबलं. पंखा फिरला, फिरतच राहिला. पडदा उजळला.

आवाज ऐकून रेखा दारात आली. "झालं चालू?"

"वायर सैल होती," मी म्हणालो. इतक्या वर्षांत मी त्या शेडमध्ये बोललेलं हे पहिलं खोटं. रेखाने पडद्याकडे पाहिलं, मग फळीवरच्या बल्बाकडे, मग त्या डब्याकडे. आठ वर्षं याच शेडमध्ये बसलेल्या मुलीला सिरीज काय असते ते मी सांगायची गरज नव्हती. तिने डबा उचलून मांडणीवर ठेवला आणि बापाला म्हणाली, "अप्पा, जेवून घ्या. सकाळपासनं नुसता चहा चाललाय."

सोमवारी अकरा वाजता पुण्याचा माणूस जोडला गेला. रेखाला काम मिळालं. संध्याकाळी अप्पा माझ्या ओट्यावर येऊन बसले. खूप वेळ मिक्सरची चौकशी करत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, त्या पेटीत समोरचं मानूस दिसतं म्हनत्यात. खरं हाय का?"

"हो. बोलताही येतं."

"मग अजून येक लिस्ट काढा. पुन्याला जाताना ती तिची घिऊन जानार. मला हितं येक लागंल."

माझी परत चिडचिड व्हायला लागली. दुसरी पेटी म्हणजे पुन्हा तेच सगळं. मी म्हटलं, "अप्पा, त्यासाठी कॉम्प्युटर कशाला? साधा मोबाइल घ्या. त्यातही रेखा दिसेल, बोलेल."

त्यांनी मान हलवली. "मोबाइल बंद पडला तर त्यो मला उघडता येत न्हाई. ती बोलता बोलता मधीच गेली, तर म्या नुसतं बघत बसू का? पेटी आसली तर काय तरी खटपट तरी करता यील."

मी आत गेलो, वही घेऊन आलो आणि पहिल्या ओळीवर लिहिलं: मदरबोर्ड, एक.