फक्त पेरूंसाठी पूल

एका जंगलात भागाक्का नावाची अस्वलीण राहायची. जंगल कुठलं ते विचारायचं नाही, बाळांनो. गोष्टीत मध्ये बोललं की मला पुढचं आठवत नाही.

भागाक्काची पेरूची बाग होती आणि झिपरी नावाची एक लेक होती. बाग ओढ्याच्या अल्याड, शाळा पल्याड. ओढा भरला की झिपरीची शाळा बुडायची. भागाक्काला बाकी काही नको होतं, ओढ्यावर एक पूल हवा होता.

ती सरपंचांकडे गेली. सरपंच म्हणजे रानडुक्कर दादासाहेब.

"पोरांसाठी पूल? निधी नाही गं बाई," दादासाहेब म्हणाले. "पण तुझे पेरू परमुलखात पाठव. निर्यात म्हटलं की निधीच निधी!"

भागाक्का हरखली. तिनं लगेच पोपटरावांना बोलावलं. त्या जंगलात पद्धतच होती, पोपटानं चोच मारली तोच पेरू गोड. पाहुण्याला साधा पेरू देणं म्हणजे अपमान! पोपटरावांनी दोन दिवस खपून पाचशे पेरूंना एकेक चोच मारली. बिचाऱ्यांचा जबडा सुजला.

शाळेच्या पुढेच परमुलखाची वेस होती. तिथे तपासनीस बगळेसाहेब एका पायावर उभे असत. पेटी उघडताच ते दोन पायांवर आले.

"शी! उष्टे? चोच लागलेला माल वेशीबाहेर जाणार नाही. परत न्या!"

पेरू परत आले. जंगलानं ते खाल्ले. काय गोड होते म्हणून सांगू!

मग भागाक्का शहाणी झाली. बागेवर जाळी आली. पेरू कच्चेच तोडायचे, एका मापाचे निवडायचे, प्रत्येकाला जाळीचं झबलं घालून पेटीत निजवायचं. परमुलखात ते फार गाजले. चव नव्हती, पण फोटो छान यायचा.

आणि खरंच पूल झाला! नारळ फुटला, पेढे वाटले. भागाक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. झिपरीला न्हाऊमाखू घालून, पाठीवर दप्तर देऊन ती पुलाशी आली. तिथे पाटी होती : 'फक्त फळांसाठी.'

"अहो दादासाहेब, मग माझ्या पोरीनं काय करायचं?"

"तिनं ओढा ओसरायची वाट बघायची. चालल्यानं पूल हादरतो, अन् पेरूला डाग पडतो. समजून घे जरा!"

"डाग पडो तुमच्या मेल्या पाटीवर!" भागाक्का म्हणाली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं झिपरीला झबलं चढवलं आणि पेरूच्या पेटीत बसवलं. "शाळा आली की उडी मार. झोपू नकोस हं!"

पण अस्वलाचीच पोर ती. गाडा हलायला लागला आणि झिपरी घोरायला लागली. शाळा मागे पडली. पेटी थेट वेशीवर!

बगळेसाहेबांनी वाकून पाहिलं. "आकार उत्तम. डाग नाही. केस जरा जास्त आहेत, नवीन वाण असेल." आणि त्यांनी शिक्का उचलला.

अल्याडून भागाक्कानं ते पाहिलं.

"पोपटराव, धावा हो! माझी पोर परमुलखात चालली! चोच मारा!"

पोपटराव उडत गेले. उडणाऱ्यानं पूल हादरत नाही. त्यांनी झिपरीच्या कानावर कचकन चोच मारली.

"आई गंऽऽ!" झिपरी बोंबलली.

"उष्टा माल!" बगळेसाहेब किंचाळले. "परत न्या!"

पेटी आली तशी पुलावरून घरी गेली. भागाक्कानं लेकीला पोटाशी धरलं, दोन धपाटे घातले, कानाला हळद लावली आणि मग पोटभर रडली.

आता त्या जंगलातली सगळी पोरं पेटीत बसून शाळेत जातात. शाळा सुटली की पुन्हा पेटीत बसतात, वेशीवर पोपटरावांची चोच खातात आणि घरी येतात. एकाचाही कान धड नाही, पण हजेरी पूर्ण आहे. दादासाहेबांना त्याबद्दल शाल मिळाली.

तात्पर्य : गावाचा विकास झाला की मुलांनो, आधी फळ व्हावं, म्हणजे पुढे जाता येतं. आणि संध्याकाळी आईकडे परत यायचं असेल, तर वेळेवर नापास व्हावं.