कप्तान गटारात उतरला त्याची गोष्ट

बाइंडरने पुस्तक वाचायचं नसतं, हे मी बावीस वर्षं छातीठोकपणे सांगत आलोय. न्हाव्याने गिऱ्हाइकाचे केस कापावेत, डोक्यात काय चाललंय ते विचारू नये. वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून मी फाटकी पुस्तकं उसवतो, शिवतो, पुठ्ठा चढवतो. आतल्या मजकुराशी आपलं देणंघेणं नाही.

मग ती कादंबरी आली. दोनशे वर्षांपूर्वीचं बंदर, घड्याळजीची मुलगी, तिचा कप्तान अकरा वर्षं समुद्रात बेपत्ता. सगळे म्हणतात बुडाला, ती म्हणते येईल. आणि मनोऱ्यावरच्या बंद घड्याळाला रोज कोणीतरी गुपचूप चावी देतंय! उसवता उसवता एक ओळ वाचली आणि मी कामातून गेलो.

खरं तर ती वाचत होत्या आमच्या सासूबाई. शेवट तेवढा उरला आणि पानं सुटली, म्हणून माझ्याकडे आली. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन उद्यावर आलेलं, नंतर महिनाभर वाचन बंद. भीतीने त्यांची जेवणावरची वासनासुद्धा उडाली होती. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "डोळ्यावर पट्टी बसायच्या आत ती पोरगी मार्गी लागलेली बघू दे. मग काय व्हायचं ते होवो."

आज सकाळी शिवायला बसलो. सोळा पानांच्या घडीला आम्ही फर्मा म्हणतो. कादंबरीचा शेवटचा फर्मा हातात, बाजूला त्याच मापाचं गटारबांधणीचं पुस्तक उसवलेलं. म्हटलं, दोनच ओळी वाचू. एवढ्यात ग्रंथपालबाई दारात.

"वाचताय की काय?"

"मी? छे. शिवण बघतोय." आणि फर्मा शेजारच्या गठ्ठ्यात सारला. बाई मधल्या सुट्टीपर्यंत समोर उभ्या. त्यांच्या देखत, न बघताच, गठ्ठ्यातला वरचा फर्मा ओढला, शिवला, आणि कादंबरी घरी पाठवून दिली. उरलेला गठ्ठा शिवून गटाराचं पुस्तकही बाईंच्या हवाली केलं.

तीन वाजता बायकोचा फोन. "आई विचारतेय, कप्तान गटारात कशाला उतरला?"

फर्मा बदलला होता! "त्यांच्या हातून पुस्तक काढून घे."

"तू ये आणि काढ," ती म्हणाली. फोन बंद.

रजिस्टर बघितलं. गटाराचं पुस्तक दुपारीच नगरपालिकेच्या ड्रेनेज साहेबांनी नेलेलं. दिवेलागणीनंतर सासूबाईंना अक्षर दिसत नाही, म्हणजे हातात तीन तास. धावत नगरपालिकेत गेलो. खिशात कापायची सुरी, आणि दारावरचा शिपाई ती बघून माझ्याकडे असा बघतोय की मीच घाम पुसून त्याला सगळं सांगितलं.

आत साहेब टेबलावरची फाइल आडवी धरून वाचत बसलेले. फाइलच्या आत ते पुस्तक.

"साहेब, त्यातली सोळा पानं माझी आहेत."

"देतो," साहेब म्हणाले. "आधी सांगा, हा कप्तान एवढी वर्षं होता कुठे? आणि म्हातारा रडतोय का?"

"साहेब, सासूबाईंचं ऑपरेशन आहे."

"मग पटापट सांगा."

गोष्ट पहिल्यापासून सांगितली. टायपिस्टबाई खुर्ची ओढून आल्या, शिपाई दारातच टेकला. पाऊण तास गेला. मग साहेबांनी शेवट मोठ्याने वाचला. चावी देत होता खुद्द घड्याळजी. कप्तानाला त्यानेच हाकलून दिलं होतं. पुढे पस्तावला, आणि परतणाऱ्या जहाजाला अंधारात ठोके ऐकू यावेत म्हणून रोज मनोरा चढत राहिला. टायपिस्टबाईंनी डोळे पुसले. मी फर्मा कापून पळालो.

घरी पोचलो तेव्हा खिडकीत थोडासाच उजेड उरला होता. सासूबाई शांत बसलेल्या, पुस्तक मिटलेलं, समोरची थाळी चाटूनपुसून साफ.

"संपली हो," त्या म्हणाल्या.

"संपली?"

"कप्तान फार डोक्याचा. तीन फुटांच्या नळातून थेट मनोऱ्याखाली यायचा नि चावी द्यायचा. उतार किती, खोली किती, सगळं दिलंय."

"आणि लग्न?"

"शेवटी लिहिलंय ना, 'दोन्ही तोंडे एकमेकांत घट्ट बसवावीत, सांधा कायमचा टिकतो.' जुने लोक असंच आडून सांगतात." मग माझ्याकडे बघून हसल्या. "एक माणूस प्रेमापायी रोज घाणीतून येतो. मला तर नुसतं अर्धा तास पडायचंय. उद्याची भीती गेली बघा."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण बावीस वर्षांची इभ्रत! खरा फर्मा काढला आणि त्यांना वाचून दाखवला. म्हातारा, पस्तावा, ठोके, सगळं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि मान हलवली.

"ही पानं दुसऱ्याच कुठल्या पुस्तकातली दिसतात, जावईबापू. हल्ली बाइंडर लोकांचं कामात लक्षच नसतं."

"नसतं खरं," मी म्हणालो, आणि फर्मा गुपचूप खिशात घातला.