साबुदाण्याएवढी गोळी

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. जाफराबादेत गाड्या चालवणारे पुष्कळ आहेत, पण गाडीचं इंजिन समजणारा माणूस एकच, अन् तो म्हणजे मी! बावीस वर्षं झाली, हायस्कूलला विज्ञान शिकवून राह्यलो. कार्बोरेटर म्हणजे शेवटी काय? हवा अन् पेट्रोल बराबर मापात मिसळायची डबी. पोह्यात मीठ टाकायला जेवढी अक्कल लागते तेवढीच इथं लागते. असं मी मागच्या महिन्यापर्यंत सगळ्यांना सांगत होतो.

गाडी म्हणजे माझी जीप. लष्कराच्या लिलावातून आलेली, पेट्रोलवरची, चारही चाकांना जोर असलेली. पावसाळ्यात आमच्या शेताच्या रस्त्याला ट्रॅक्टर फसतो, पण ही फसत न्हाई. जीव आहे माझा तिच्यावर! खोड एकच. एक्सलेटर दाबला की ती आधी थांबायची, क्षणभर विचार करायची, अन् मंग धाडकन पुढं उडी मारायची.

असल्याच एका उडीत माझ्या सासूबाईंची पानाची चंची बाहेर उडाली, कात-चुन्यासकट! सासूबाईंचं नाव झुंबरबाई, राहायला हसनाबादला. चंची सापडली, पण घरी उतरताना त्यांनी सांगून टाकलं, "जावईबापू, पुढच्या वेळंस मी आपली एष्टीनं येईन."

झालं! आईला एष्टीचे धक्के खात यावं लागणार म्हटल्यावर मीना, म्हणजे आमची मंडळी, कंबर कसून उभी राहिली.

"अहो, रविवारी आईला आणायला जायचं हाय. जीपनंच जाऊ. एक जरी धक्का बसला तर ती गाडी विकायची. न्हाई बसला तर राहू द्या, मी पुन्हा तिचं नाव काढणार न्हाई."

"शब्द?"

"शब्द!"

"अगं, रविवार लांब राहिला. गुरुवारी दुपारपर्यंत ती लोण्यावानी चालती का न्हाई बघ!"

गुरुवारी सकाळी कार्बोरेटर खोलला. पेट्रोलच्या वासाला आमच्या घरात बंदी, म्हणून गच्चीवर गेलो. मे महिना. गच्चीवर मोठ्या प्लास्टिकच्या कागदावर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या होत्या, ओल्याच होत्या अजून. आमच्या गल्लीत वाळवण एकटीचं नसतं. एकीच्या गच्चीवर पाचजणी मिळून घालतात अन् संध्याकाळी वाटून नेतात. मी कागदाच्या कडेला ताटली ठेवली, एकेक पार्ट पेट्रोलनं धुतला अन् ताटलीत वाळत टाकला. तेवढ्यात हेडमास्तरांचा फोन आला. उन्हात उभं राहवेना, म्हणून बोलत बोलत खाली गेल्तो. परत आलो तर पार्ट खडखडीत वाळलेले. कांताबाई, म्हणजे आमच्या शेजारीण, पापड्यांवर बसलेले कावळे हाकलून खाली चालल्या होत्या.

"सर, तुमच्या ताटलीला पाय लागल्ता बघा. पण सांडलं काई न्हाई," त्या म्हणाल्या.

मी कार्बोरेटर जोडला. एकही पार्ट उरला न्हाई! भल्याभल्या मिस्त्र्यांकडं दोन-तीन उरतात. मी मिशीवरून हात फिरवला, खाली आलो अन् चावी मारली.

इंजिन चालू झालं. एक्सलेटर दाबला. घुर्रर्र... फुस्स! बंद. आधी विचार करून का होईना पुढं तरी जायची, आता विचार करता करताच झोपी जायला लागली. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो ते ढकलत परत आलो.

"चालली का लोण्यावानी?" मीनानं खिडकीतून विचारलं.

"ट्रायल चालू हाय!" मी म्हणालो.

शुक्रवारी मान खाली घालून साहेबरावांना बोलावलं. साहेबराव एष्टीच्या डेपोतून रिटायर झालेले मिस्त्री. त्यांनी कार्बोरेटर काढून घेतला अन् नारळ बघतात तसा कानाशी धरून हलवला.

"सर, गोळी कुठाय?"

"कोणची गोळी?"

"एक्सलेटर दाबला की यातला बारका पंप पेट्रोलची चिळकांडी मारतो. ते पेट्रोल मागं फिरू नये म्हणून खाली लोखंडाची गोळी असती. आधी ती मळली असल, म्हणून गाडी धक्के देत होती. आता तर ती न्हाईच!"

"केवढी असती?"

साहेबरावांनी दोन बोटांत माप दाखवलं. "असल की साबुदाण्याएवढी."

माझ्या डोळ्यांपुढं गच्ची आली, ताटली आली अन् कांताबाईंचा पाय आला.

सायकलचा छर्रा बसवून बघितला, मोठा पडला. नवी गोळी संभाजीनगरहून मंगळवारी येणार. अन् पापड्या? त्या तर कालच वाटून पाच घरी गेल्या होत्या! मीनाला सांगावं तर गाडी आजच विकल्यात जमा. पण मी विज्ञानाचा मास्तर आहे की न्हाई? शाळेचा नालचुंबक कपाटात होता. तो रुमालात गुंडाळला अन् निघालो.

पहिलं घर सुरेखाबाईंचं. मी म्हणालो, "वहिनी, पापड्यांचा डबा आणा जरा." त्यांनी आणला. मी झाकण काढून वरून चुंबक फिरवायला लागलो.

"अगंबाई! सर, हे काय?"

आता खरं सांगावं तर दहा मिनिटांत ते मीनाच्या कानावर. तोंडातून निघून गेलं, "यानं वाळवण टिकतं. अळी होत न्हाई."

खोटं बोललो! विज्ञानाचा मास्तर असून बोललो. अन् मास्तर असल्यामुळंच त्यांना ते बिलकुल खरं वाटलं.

सुरेखाबाईंच्या डब्यात गोळी न्हाई. पुढच्या दोन घरी बी न्हाई. चौथं घर कांताबाईंचं, तिथं कुलूप. पाचवा डबा आमचाच, म्हणून घरी आलो तर काय सांगू! दारात रांग! कुणाच्या हातात कुरडयांचा डबा, कुणाच्या सांडग्यांचा, कुणाच्या शेवयांचा. एका आजींनी तर वर्षभराची तूरडाळ आणल्ती.

"सर, माझं आधी घ्या, मला जल्दी हाय."

"सर, दोनदा फिरवा, मागच्या वर्षी लई अळ्या झाल्त्या!"

काय करतो? ओट्यावर बसलो अन् चुंबक फिरवत राहिलो. मधेच मीना बाहेर आली. रांग बघितली, चुंबक बघितला, मला बघितलं. दाराला टेकून उभी राहिली. मला घाम फुटला.

शेवटी कांताबाई आल्या, पापड्यांचा डबा घेऊन. चुंबक डब्यात घातला अन् टक्! एक पापडीच उचलून आली! तिच्या पोटात, साबुदाण्याच्या दाण्यांत अंग चोरून बसलेली गोळी!

"सापडली!" मी ओरडलो.

"काय सापडलं?" कांताबाई किंचाळल्या. "बाई गं! पापडीत लोखंड! मीना, कुठून आणल्ता गं साबुदाणा?"

गल्लीभर कालवा झाला. आता साबुदाण्याच्या दुकानदारावर मोर्चा जायची वेळ! मंग मात्र मी उठलो अन् सगळ्यांसमोर सगळं सांगून टाकलं. कार्बोरेटर, ताटली, गोळी, अळीची थाप. कांताबाईंनी कपाळाला हात लावला. तूरडाळवाल्या आजी म्हणाल्या, "मंग माझी डाळ टिकल का न्हाई, तेवढं सांग!"

मीना फक्त एवढंच म्हणाली, "रविवारी बघू."

साहेबरावांनी गोळी धुऊन जागेवर बसवली. मी जवळ फिरकलोसुद्धा न्हाई. रविवारी हसनाबादहून निघालो तेव्हा सासूबाई चंची दोन्ही हातांनी छातीशी धरून पुढं बसल्या होत्या. मागं मीना. मी एक्सलेटरवर पाय असा ठेवला, जसं झोपलेलं लेकरू उचलायचं हाय. गाडी निघाली. थांबली न्हाई, विचार केला न्हाई. खड्डे आले, चढ आला, गतिरोधक आले, ती आपली चालतीच आहे! जाफराबादेत दारासमोर उभी केली तेव्हा माझा सदरा पाठीला चिकटला होता.

"आई, धक्का बसला का एखादा?" मीनानं विचारलं.

सासूबाईंनी डोळे चोळले. "कशाचा धक्का? मला डोळा लागल्ता. पाळण्यात झोपल्यावानी वाटलं बघ."

मीनानं माझ्याकडं बघितलं. "राहू द्या गाडी," ती म्हणाली. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

सोमवारी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, सोनूबाईकडं जाऊन येऊ का?" सोनूबाई म्हणजे त्यांची धाकटी बहीण, राहायला परतूरला. जिल्ह्याचं दुसरं टोक! गेलो. मंगळवारी त्यांच्या मावसभावाकडं. बुधवारी एका मैत्रिणीकडं, जिला त्या चाळीस वर्षांत भेटल्या नव्हत्या. चार दिवसांसाठी आलेल्या सासूबाई तिसऱ्या आठवड्यात पोचल्या. सकाळी आठला मी चहा पीत असतो तर त्या पुढच्या सीटवर जाऊन बसलेल्या! "सुट्ट्याच हायेत न तुम्हाला?"

माझी कंबर धरली. पेट्रोल पंपवाला मला दादा म्हणायला लागला. एकदा तर वाटलं, ती गोळी हळूच काढून खिशात घालावी. पण हात धजला न्हाई.

मंग मीच मीनाला म्हणालो, "ऐक ना. गाडी विकून टाकू का?"

"आता का? धक्का कुठं बसला?"

"न्हाई, पण एक गिऱ्हाईक हाय जालन्याचं. माऊली म्हणून. नुसती बघून जाऊ दे."

"बघू द्या की," मीना शांतपणे म्हणाली.

माऊली सकाळी नऊला आला. बोनेट उघडलं, आवाज ऐकला, खूश झाला. पुढच्या सीटवर अर्थातच सासूबाई.

"आजी, जरा उतरता का? एक चक्कर मारून बघतो."

"मार की. मी कुठं आडवी येऊन राह्यले?"

गाडी गेली. दहा वाजले. बारा वाजले. चार वाजता परत आली. मागच्या सीटवर कैऱ्यांचं पोतं होतं अन् मी कधी न बघितलेल्या दोन म्हाताऱ्या होत्या. माऊली खाली उतरला अन् दोन तांबे पाणी उभ्या उभ्या प्याला.

"कशी वाटली?" मी विचारलं.

"एक नंबर, सर! दिवसभरात एक धक्का न्हाई."

"मंग पक्कं करायचं?"

त्यानं मागं वळून बघितलं. सासूबाई अजून उतरल्या नव्हत्या. तो माझ्या जवळ आला अन् आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "सर, खरं सांगा. आजी गाडीसोबत हायेत का?"

अन् शेजारी मीना उभी होती.