बंबात गेलेला शनी

वाटीतलं दूध जमिनीवर सांडलं होतं आणि अंगठी वाटीत नव्हती. दोन वर्षांची शिवन्या शेजारीच बसून बोट चाटत होती. उज्ज्वलानं तिचं तोंड उघडून पाहिलं, घशात डोकावली, पोट चाचपलं.

"शिवू, अंगठी कुठंय? गिळली?"

"दिली," शिवन्या म्हणाली.

"कुणाला?"

"बंबाला."

बंबाला काटक्या, पानं, चिंधी असा खाऊ घालणं हा तिचा रोजचा उद्योग. म्हणून उज्ज्वला तिला क्षणभरही एकटं सोडायची नाही. आज गॅसवरचं दूध उतरवायला पाठ फिरवली, तेवढ्यात हे झालं.

अंगठी सासूबाईंची, रतनबाईंची. त्यांना साडेसाती. नीलम परवडेना म्हणून नेकनूरच्या खडेवाल्या इसाकभाईंनी शनीचा जांभळा खडा, कटेला, चांदीत बसवून दिलेला. दर शनिवारी तो कच्च्या दुधात ठेवायचा, मारुतीला जाऊन यायचं आणि मगच बोटात घालायचा. साडेसाती उतरेपर्यंत घरात नवं काही करायचं नाही, हा त्यांचा नेम. आणि पाटोद्याच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला उज्ज्वलाला सोमवारी रुजू व्हायचं होतं. तेही सासूबाईंचा होकार आज मिळाला तरच.

तिनं लेकीला पाळण्यात ठेवलं आणि चिमट्यानं निखारे उपसले. राखेत अंगठी दिसली. पाण्याचा तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला. तापल्या खड्यावर पाणी पडलं तर तो तडकणार. थांबणं भाग होतं. मारुतीच्या देवळातली घंटा वाजून बराच वेळ झाला होता, सासूबाई आता येतच असतील.

निवल्यावर राख फुंकली. चांदी काळी पडलेली, खडा शाबूत. फक्त पिवळा.

का, ते तिला पाठ होतं. या स्फटिकाचा जांभळा रंग त्यातल्या चिमूटभर लोखंडामुळे, आणि तेच लोखंड आचेत त्याला पिवळं करतं. परीक्षेत यावर तिला पूर्ण गुण पडले होते. तिनं इसाकभाईंना फोन लावला. त्यांनी शांतपणे सांगितलं की बाजारातले बरेच पिवळे असेच भाजलेले असतात, आता हा पुन्हा जांभळा व्हायचा नाही. "ह्यो आता सुनहला झाला बेटी. गुरूचा खडा. पुखराज ज्यान्ला जमत न्हाई, ते ह्यो घालतेत."

फोन ठेवला तोच दारात चपला वाजल्या.

खोटं बोलणं तिला जमलं नसतं. तिनं सगळं सांगितलं, बंब, निखारे, लोखंड, इसाकभाई. रतनबाईंनी अंगठी उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिली.

"पिवळा म्हंजी गुरूचाच ना?"

"हो आत्या, पण त्याचं कारण..."

"कारन मला दिसतंय. शनी जळाला आन् गुरू आला. त्योबी लेकराच्या हातानं."

"तसं नाही आत्या, त्यातलं लोखंड..."

"लोखंड शनीचंच असतंय, येडे." रतनबाईंनी अंगठी पदरानं पुसून बोटात घातली. "शिकवायला जायाचं म्हनत व्हतीस ना? गुरू घरात आल्यावर मी कावून आडवू?"

उज्ज्वलानं उरलेली केमिस्ट्री गिळली.

सोमवारी सकाळी डबा, पर्स आणि लेकीची काळजी घेऊन ती फाट्यावर उभी होती. शेजारची सुनिता लगबगीनं तिच्याच घराकडं निघालेली. मुठीत अंगठी, अंगठीत लालभडक पोवळं.

"रतनकाकूनी बंब पेटवून ठिवलाय," सुनिता म्हणाली. "आमच्या ह्यान्ला मंगळ हाय. तेवढा जाळून घ्यावा म्हनलं."

पोवळं निखाऱ्यात गेलं तर रंग बदलणार नव्हता. त्याचा चुना होणार होता, पानाला लावतात तो. आणि मग बंबावरचा विश्वास उडून सासूबाईंचा गुरूही गेला असता, पाटोदाही. समोरून एसटी येत होती. लोखंड, चुना, आच, सगळं समजावायला दुसरी एसटी लागली असती.

"सुनितावहिनी, आज वार कोणता?"

"सोमवार."

"मग मंगळाचं काम सोमवारी कसं करता?"

सुनितानं जीभ चावली, अंगठी पदरात बांधली आणि मागं फिरली.

उज्ज्वला एसटीत खिडकीशी बसली. उद्या मंगळवार. काय सांगायचं, हे ठरवायला तिच्याकडं पाटोद्यापर्यंतचा रस्ता होता.